मंदी सोसली कोणी?

नागपुरात गेल्या आठ-दहा वर्षांत एक वाक्य फार चलनात आले आहे. "मार्केट टाईट आहे, भाऊ." गांधीबागच्या कापड बाजारात ते ऐकू येते, इतवारीच्या किराणा ओळीत ऐकू येते, हिंगण्याच्या कारखान्यात आणि वर्धा रोडवरच्या बिल्डरच्या थंडगार ऑफिसातही ऐकू येते. वाक्य खोटे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. २५ मार्च २०२० पासून सगळा देश घरात कोंडला गेला, आणि बाजार जरा उभा राहतो न राहतो तोच १५ मार्च २०२१ पासून नागपूर शहरावर पुन्हा आठवड्याची कडक टाळेबंदी आली. धक्के खरे होते, धंदे खरोखर बसले, चांगली चालती दुकाने बंद झाली. यातले काहीच मी नाकारत नाही.

माझी तक्रार त्या वाक्याच्या आड आपण जे करत आलो त्याबद्दल आहे. या शहराने वाईट दिवस कसे काढले, असा हिशेब कोणी मांडला तर उत्तर लाजिरवाणे निघते. ज्याच्या हातात थोडी ताकद होती त्याने आपला तोटा खालच्या माणसाच्या अंगावर ढकलला. खालच्याने त्याच्या खालच्यावर. असे ढकलत ढकलत तो तोटा अशा घरी जाऊन पोचला, जिथून पुढे ढकलायला कोणीच उरले नव्हते. त्या घराने तो भरला. आणि आपण म्हणालो, कठीण काळातून निभावलो बुवा.

हिंगण्याच्या एमआयडीसीत चार मशिनी टाकून बसलेला लहान कारखानदार घ्या. मोठ्या कंपनीला तो लोखंडी सुटे भाग करून देतो. माल गेला, चलनावर सही होऊन आली, बिल लागले. बोली साठ दिवसांची. साठाचे नव्वद होतात, नव्वदाचे एकशेवीस. फोन केला की अकाउंट्सवाला सांगतो, साहेब टूरवर आहेत. प्रत्यक्ष गेले की पुढच्या तारखेचा चेक मिळतो आणि वर सूचना, विचारल्याशिवाय टाकू नका. इकडे लोखंडाचा व्यापारी रोख मागतो, वीजबिल थांबत नाही, आणि जीएसटी तर बिल फाडले त्या महिन्याचाच भरावा लागतो, मग पैसा हाती आलेला असो वा नसो. म्हणजे जो पैसा अजून मिळालाच नाही, त्यावरचा कर हा माणूस बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून, व्याज भरून, सरकारला देतो. कोट्यवधींची उलाढाल करणारी कंपनी चार मशिनीच्या माणसाच्या पैशावर बिनव्याजी चालते. आणि वर्षाच्या शेवटी तिच्या अहवालात छापून येते की बिकट परिस्थितीतही आम्ही रोकड उत्तम सांभाळली.

कायदा नाही म्हणावे तर कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा सांगतो की करार काहीही असो, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजेत. न केल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ. दाद मागायला परिषद आहे. तिच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर थकबाकीदाराला आधी पाऊण रक्कम भरावी लागते. इतके धारदार हत्यार हाती असून तो चार मशिनीवाला तक्रार का करत नाही? कारण त्याला ठाऊक आहे की तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी त्याची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाईल, आणि शेजारचा ती आनंदाने घेईल. म्हणून कायद्याचे पुस्तक कपाटात राहते आणि हा माणूस दिवाळीला त्याच अकाउंट्सवाल्याकडे मिठाईचा डबा घेऊन जातो.

२०२३-२४ पासून आयकर कायद्यात दुरुस्ती झाली. लहान उद्योगाचे देणे मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येणार नाही, अशी ती तरतूद. तेव्हा देशभरच्या कापड बाजारात केवढी ओरड झाली! व्यापार बुडेल, अशी निवेदने गेली. कुठे माल परत पाठवण्याच्या धमक्या, कुठे पुरवठादाराला तुमची उद्योग म्हणून नोंदणीच रद्द करून टाका असा सल्ला. माल घेतला, विकला, नफा खिशात घातला, आणि त्याचे पैसे दीड महिन्यात द्या म्हटले तर व्यापार बुडतो! ज्या व्यापाराचा पायाच दुसऱ्याचे पैसे अडवून ठेवण्यावर आहे, त्याला व्यापार म्हणायचे का, हे व्यापाऱ्यांनीच ठरवावे.

कळमन्याच्या बाजारात शेतकऱ्याच्या बाबतीत याहून वेगळे काय होते? शेतमालाचा चुकारा त्याच दिवशी व्हावा असा नियम आहे. पण माल तुलून झाला की व्यापारी अमुक तारखेला या म्हणतो. आजच रोख पाहिजे असेल तर शेकडा दोन रुपये कापून घ्या म्हणतो. ज्याच्या घरी पेरणीचे बियाणे अडले आहे किंवा पोरगी दवाखान्यात आहे, तो दोन रुपये कापून घेतो. आपल्याच पैशावर व्याज देऊन आपलेच पैसे नेतो.

आता चार मशिनीवाल्याकडे पुन्हा येऊ, कारण तोही काही धुतल्या तांदळाचा नाही. वरून पैसे आले नाहीत म्हटल्यावर त्याने काय केले? घरखर्चाला हात लावला नाही, गाडीचा हप्ता चुकवला नाही. मशीनवरच्या हेल्परला म्हणाला, "या हप्त्यात सांभाळून घे ना रे, पुढच्या हप्त्यात देतो." हे सांभाळून घेणे नागपूरच्या कानाला इतके सवयीचे झाले आहे की त्यातला अन्याय ऐकूच येत नाही. ज्याची कमाई रोजच्या रोज पोटात जाते त्याने सांभाळून घ्यायचे कशातून? त्याच्या खोलीचे भाडे थांबत नाही, गॅस सिलिंडर उधार मिळत नाही. तो किराणावाल्याकडे वही वाढवतो. वही भरली की घरातले दूध बंद होते. नंतर भाजी. नंतर तो दहा हजार रुपये शोधायला बाहेर पडतो. त्या दहा हजारांकडे मी येणारच आहे, पण त्याआधी ठिय्यावर जाऊ.

आपल्याकडे मजूर जिथे सकाळी उभे राहतात त्या जागेला ठिय्या म्हणतात. रिंग रोडच्या चौकाचौकांत सात-साडेसातला ही गर्दी दिसते. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेली माणसे, बाया, टिफिनची पिशवी, थापी, घमेले. बाजार मंदीत असला की गर्दी वाढते आणि रोजी उतरते. मोटारसायकलवर आलेला मुकादम गाडी बंदसुद्धा न करता विचारतो, कितीत येतो? एकाने आकडा सांगितला की दुसरा खाली उतरतो. दहा वाजेपर्यंत जो उरला तो निम्म्यात जातो, किंवा टिफिन न उघडता घरी जातो. हे रोज घडते, आणि त्याच चौकातून आपण सगळे कामावर जातो.

बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागतो, त्यातून या मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ चालते. १९९६ च्या कायद्याने ही व्यवस्था आली. टाळेबंदीत राज्य सरकारने नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांच्या खात्यात दोन हजार रुपये टाकले. नोंदणी असलेल्या. आणि नोंदणीसाठी काय लागते? वर्षात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. ठिय्यावरच्या माणसाला रोज वेगळा मालक. त्याने नव्वद दिवसांचा दाखला कोणाकडून आणावा? ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की आपल्याकडे इतके मजूर होते हे कागदावर येते, आणि मग भविष्य निर्वाह निधी, विमा, किमान वेतन असे सगळे प्रश्न मागे लागतात. एक सही, जिला शाईपलीकडे काही खर्च नाही, ती न मिळाल्यामुळे माणूस मदतीच्या यादीबाहेर राहतो. हा गुन्हा सरकारी नाही. टाय बांधलेल्या, मुलांना चांगल्या शाळेत घालणाऱ्या, रविवारी सत्संगाला जाणाऱ्या आपल्यातल्याच लोकांचा तो आहे.

घरकाम करणाऱ्या बायांचे याहून निराळे नाही. नागपूरला या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येणार नाही, कारण ऐंशीच्या दशकापासून रूपा कुलकर्णी यांनी याच शहरात मोलकरणींची संघटना बांधली. संस्कृतच्या प्राध्यापक असलेल्या या बाईंनी धुणीभांडी करणाऱ्या बायांना रजा, बोनस, सन्मानाची भाषा दिली. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. पण मार्च २०२० मध्ये फाटक बंद झाले तेव्हा किती घरांनी बाईला सांगितले की तू येऊ नकोस, पगार मात्र मिळेल? काही घरांनी सांगितले, त्यांना माझा नमस्कार. उरलेल्यांनी, ज्यांचा स्वतःचा सरकारी किंवा बँकेचा पगार एक तारखेला पूर्ण खात्यात जमा होत होता त्यांनीसुद्धा, "काम नाही तर पैसे कशाचे?" असा व्यवहार दाखवला. स्वतः घरी बसून पगार घेताना हा प्रश्न त्यांना पडला नाही.

त्याच उन्हाळ्यात हैदराबाद-बंगळूरकडून उत्तरेला पायी निघालेली माणसे नागपूरवरून गेली. पायांत फाटक्या चपला, डोक्यावर बोचके, कडेवर पोर. नागपूरकरांनी त्यांना जेवू घातले, पाणी दिले, चपला दिल्या, ट्रक थांबवून बसवून दिले. त्या कामात उन्हात उभी राहिलेली तरुण मुले-मुली मी विसरू शकत नाही, आणि त्यांची किंमत मी तसूभर कमी करणार नाही. पण आपल्या समाजाची एक खोड त्याच वेळी उघडी पडली. आपल्याला वाटप करायला आवडते. रामनवमीच्या शोभायात्रेत, गणपतीच्या महाप्रसादात, ताजबागेच्या उर्सात आपले हात सैल सुटतात. द्यायचेच असलेले पैसे द्यायची वेळ आली की तेच हात आखडतात. वाटपात देणारा वर असतो आणि घेणारा खाली, फोटो निघतो, आशीर्वाद मिळतो. मजुरी चुकती करताना दोघे बरोबरीचे होतात. ती बरोबरीच आपल्याला सोसत नाही. ज्याने आपल्या कामगाराचे दोन महिन्यांचे पैसे अडवले आणि हमरस्त्यावर हजार माणसांना खिचडी वाटली, त्याने पुण्य केले असे मी मानत नाही. त्याने आपल्या कामगाराच्या पैशाची खिचडी वाटली.

आता ते दहा हजार.

बँक हेल्परला कर्ज देत नाही. त्याच्याकडे पगारपत्रक नाही, तारण नाही. टाळेबंदीत केंद्राने लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या हमीची योजना आणली, पण तिचा लाभ ज्यांचे बँकेत आधीच कर्जखाते होते त्यांनाच. फेरीवाल्यांसाठी दहा हजारांची स्वनिधी योजना आली, ती चांगली होती, पण हेल्पर फेरीवाला नाही. मग तो गल्लीतल्या माणसाकडे जातो. हा माणूस दाढीवाला, रोखून पाहणारा, सिनेमातला सावकार नसतो. नोकरीतून निवृत्त झालेला असतो, प्लॉटची दलाली करणारा असतो, भिसीचा पैसा फिरवणारी शेजारीण असते. भाव ठरलेला असतो, शेकडा दहा, महिन्याला. पहिले व्याज आधीच कापतात, म्हणून दहा हजार मागितले तर हातात नऊ येतात. सही केलेले दोन कोरे चेक, कोऱ्या स्टॅम्पवर सही, आणि पगार बँकेत येत असेल तर एटीएम कार्डच ठेवून घ्यायचे. महिन्याला हजार रुपये दिले की वर्षात बारा हजार व्याज जाते आणि मूळ दहा हजार जिथल्या तिथे राहतात.

महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा. त्याखाली ठरलेला दर असा की शेतकरी नसलेल्या कर्जदाराला, तारण नसेल तर, वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. म्हणजे दहा हजारांवर वर्षाचे अठराशे. कुठे अठराशे आणि कुठे बारा हजार! परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. सावकाराने लाटलेली जमीन-घर पंधरा वर्षांच्या आतले असेल तर जिल्हा उपनिबंधकाला चौकशी करून ते परत देण्याचा अधिकार आहे. या तरतुदी सुखासुखी आलेल्या नाहीत. विदर्भातल्या शेतकऱ्यांचे मुडदे पडल्यानंतर त्या आल्या. खामगावचे प्रकरण आपल्या शेजारचेच. एका आमदाराच्या सावकार घराण्याविरुद्ध शेतकऱ्याची तक्रार नोंदवून घेऊ नये म्हणून तत्कालीन मुख्यमंत्र्यांकडून हस्तक्षेप झाला, आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला. कायदा करणारे आणि सावकार एका पंगतीत बसलेले असले की गरिबाची तक्रार पोलीस ठाण्याच्या पायरीवरच विझते.

आणि सहकाराचे काय? सावकाराच्या तावडीतून माणूस सुटावा म्हणून जिल्हा बँका निघाल्या. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे दीडशे कोटींच्या आसपासचे पैसे सरकारी रोख्यांच्या नावाने दलालांकडे गेले. रोखेही आले नाहीत आणि पैसेही. प्रकरण २००२ मध्ये उघडकीला आले आणि तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. वर दाद मागितलेली आहे, तिचा निर्णय न्यायालय करील. पण मधल्या एकवीस वर्षांत ज्या शेतकऱ्याला या बँकेकडून पीककर्ज मिळायला हवे होते तो पेरणीच्या दिवशी कोणाच्या दारात उभा राहिला, हे कोणत्या निकालपत्रात लिहिले जाणार? ठेवीदारांत, सभासदांत, वार्षिक सभेत हात वर करून मंजूर मंजूर म्हणणाऱ्यांत आपणच होतो. सभेच्या चहा-नाश्त्यापलीकडे ताळेबंद उघडून पाहण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत.

हेल्परच्या घरात पुढे काय होते, तेही पाहिले पाहिजे, कारण घराच्या उंबऱ्याआतही ढकलाढकल थांबत नाही. आधी बाईचे कानातले जाते. मग काळी पोत. इतवारीतल्या सराफ ओळीत अशा दिवसांत बाया नवऱ्याच्या मागे उभ्या असतात, पदराने गळा झाकून. पावती नवऱ्याच्या नावाने फाटते. सोने सोडवायची वेळ येते तेव्हा मुलाची फी आडवी येते, आणि ते सोने मोडीतच जाते. नंतर मुलीची शाळा सुटते. टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर भरू लागले तेव्हा घरातला एकुलता एक फोन कोणाच्या हातात गेला? मुलाच्या. मुलीला सांगितले गेले, तू मागून बघ. मागून बघता बघता कित्येकींची वही बंद झाली आणि स्वस्तात उरकते म्हणून लग्ने लागली. घरातल्या ज्या दोघींनी ही मंदी आणली नव्हती, त्याच दोघींनी ती भरून काढली.

गरिबीत दुसरे काही करता येत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने याच शहराचा इतिहास पाहावा. कौसल्या बैसंत्री यांनी 'दोहरा अभिशाप' या आत्मकथनात आपले बालपण सांगितले आहे. अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या वस्तीतले घर, आई-वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये राबणारे, आणि घरात मुलीच मुली. तो काळ १९३० च्या आसपासचा, जगभर मंदी, कापसाचे भाव निम्म्यावर आलेले. त्या आईने जाईबाई चौधरी यांचे बोल ऐकले आणि पोटाला चिमटा घेऊन मुलींना शाळेत घातले. जाईबाई स्वतः लहानपणी ओझी वाहिलेल्या, आणि त्यांनीच पुढे नागपुरात अस्पृश्यांच्या मुलींसाठी शाळा काढली. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांनी वाईट दिवसांत मुलीची पाटी वाचवली. आपल्यापाशी फ्लॅट आहे, दुचाकी आहे, टीव्ही आहे, आणि आपण मुलीची पाटी विकली.

पाटी विकली, पण लॉन सोडले नाही. नागपुरात लग्नासाठी लॉन लागते. मंदीत हेल्परचे दोन हप्ते थकवणाऱ्या मालकाच्या घरी डिसेंबरात मांडव पडतो, दोन हजार पाने उठतात, स्वागताला कारंजे असते. विचारले तर म्हणतो, समाजात पत ठेवावी लागते, धंदा मंदीत आहे हे दिसले तर बाजारात उधार बंद होईल. आणि तोच दिखाऊपणा वरून खाली झिरपतो. हेल्परही मुलीच्या लग्नात शेकडा दहाने उचल करतो, कारण हजार माणसे जेवली नाहीत तर लोक काय म्हणतील! गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावोगाव सांगितले की कर्ज काढून सण करू नका, देवाधर्मावर आणि जेवणावळीवर पैसा उधळू नका, पोरांना शिकवा. तुकडोजी महाराजांनी साधी, सामुदायिक लग्ने लावा म्हणून भजनातून कानीकपाळी ओरडून सांगितले. त्यांच्याही आधी जोतीरावांनी २५ डिसेंबर १८७३ ला कमी खर्चाचे पहिले सत्यशोधक लग्न लावून दाखवले. विदर्भाच्या दोन विद्यापीठांना आज याच दोन संतांची नावे आहेत, नागपूरला तुकडोजींचे, अमरावतीला गाडगेबाबांचे. त्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेली आपली पिढी लॉनच्या तारखा वर्षभर आधी अडकवून ठेवते.

यावर व्यापारी-कारखानदार म्हणतील की तुम्ही लेख लिहिता, पगार आम्हाला करावे लागतात, वरून येत नाही तर खाली द्यायचे कुठून? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. तेही याच मातीतले.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. सुरुवातीचे दिवस अवघड गेले. यंत्रे बरोबर नव्हती, ती बदलावी लागली, आणि कामगार टिकत नव्हते, रोज साधारण पाचात एक गैरहजर. इंग्रजी राज्यात मालकाला दंड करण्यापासून अडवणारे कोणी नव्हते. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी उलटा मार्ग धरला. भविष्य निधी, अपघात झाला तर भरपाई, चांगल्या कामाला बक्षीस. कायदा या गोष्टी मागायच्या कितीतरी आधी. गिरणी त्यामुळे बुडाली नाही, उभी राहिली आणि शतकभर चालली. मी त्या गिरणीची आरती ओवाळत नाही. त्या काळच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना उभे करत नसत, हा डाग पुसला जात नाही. पण अडचणीच्या दिवसांत मालकाने पहिला हात कुठे घालावा, कामगाराच्या खिशात की स्वतःच्या, याचे उत्तर तिने दिले होते. गिरणी पुढे सरकारी महामंडळाकडे गेली, या शतकाच्या आरंभी बंद पडली, आणि गांधीसागराजवळच्या त्या जागेवर आज मॉल आहे. इमारतीबरोबर ते उत्तरही आपण पाडून टाकले.

दुसरे उदाहरण कर्जाचे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, त्याच जागतिक मंदीत, १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा झाला. मंडळे नेमली गेली. कुळ आणि सावकार समोरासमोर बसले, देण्याचा खरा आकडा काढला, काही कमी करून हप्ते बांधून दिले. त्या कायद्यात त्रुटी होत्या, सावकारांनी पळवाटा काढल्या. तरी त्यामागचा न्याय साधा होता. वाईट काळ सगळ्यांवर आला असेल तर तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यायचा, देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. नव्वद वर्षांपूर्वी परक्या राजवटीत जे सुचले ते स्वराज्यात आपल्याला सुचू नये?

म्हणून, वरून आले नाही तर खाली द्यायचे कुठून, असे विचारणाऱ्या मालकाने आधी कामगारांना बोलावून वही उघडून दाखवावी. एवढे यायचे होते, एवढे आले. स्वतःची उचल किती कमी केली तेही त्यांच्यासमोर मांडावे. मग उरलेल्यात ज्याची रक्कम सर्वांत लहान त्याला सर्वांत आधी द्यावे, कारण लहान रक्कम लहान माणसाची असते आणि तिच्यावर त्या रात्रीची चूल अवलंबून असते. आपण आजवर नेमके उलटे केले. मोठ्याचे आधी दिले, कारण तो ओरडतो, वकील लावतो. लहान गप्प बसतो म्हणून त्याला शेवटी ठेवले. कामगारानेही अशा मालकाला साथ द्यावी, आणि तो देतो. वही उघडून दाखवणाऱ्या मालकासाठी अर्ध्या रोजीत राबलेली माणसे मी पाहिली आहेत. कामगार घाबरतो तो बंद वहीला.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापीडा बाहेर घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, कुठल्या तरी दूरच्या देशाचा बडगा. सगळी इडापीडा बाहेरची असते. मजुरी थकवणाऱ्याचा, शेकडा दहा घेणाऱ्याचा, मुलीची शाळा सोडवणाऱ्या बापाचा बडगा या गर्दीतून मिरवल्याचे मला आठवत नाही. ती माणसे बहुधा मिरवणुकीला वर्गणी देणाऱ्यांत असतात.

नागविदर्भ चेंबरने, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनने आणि हिंगणा-बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांनी आपल्या पुढच्या सभेत एक ठराव करावा. आमचा सभासद लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत देईल, ठिय्यावरून आणलेल्या मजुराला नव्वद दिवसांचा दाखला देईल, आणि जो देणार नाही त्याचे सभासदत्व राहणार नाही. ठराव छापून बाजारात लावावा. ज्यांच्याकडून कोरे चेक आणि एटीएम कार्ड घेतले गेले आहेत त्यांनी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, आणि शिकलेल्या शेजाऱ्याने ती लिहून द्यावी, सोबत जावे. आणि हा लेख वाचणाऱ्या तुम्ही, ज्या कोणाचे पैसे आज तुमच्याकडे थकलेले असतील, दूधवाल्याचे, सुताराचे, कामवाल्या बाईचे, प्रेसवाल्याचे, ते उद्या सकाळी, तो मागायला येण्याच्या आधी, नेऊन द्या.